पित्ताशय काढल्यानंतर उशिरा उद्भवणारे त्रास: कसे ओळखायचे, कोणत्या क्रमाने तपासायचे

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, खडे छोट्या बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवले, दोन दिवसांत पेशंट घरी आला. बहुतेकांचं प्रकरण इथेच मिटतं. काहींना मात्र सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, क्वचित दहा वर्षांनी पुन्हा पोटात कळ येते, डोळे पिवळे दिसतात, नाहीतर जेवण झालं की शौचाला पळावं लागतं. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "आता पिशवीच नाही, तर खडा कुठून येणार? गॅस असेल." त्यामुळे कित्येक जण महिनोन्‌महिने ओवा, सोडा आणि अॅसिडिटीच्या गोळ्यांवर काढतात आणि शेवटी थंडी वाजून ताप भरल्यावर हॉस्पिटलात पोचतात.

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ती तालुक्याच्या गावीही होते. त्यामुळे पित्ताशय काढून बरीच वर्षं झालेली माणसं आता जवळपास प्रत्येक नात्यागोत्यात सापडतात, आणि उशिरा उद्भवणाऱ्या त्रासांची माहिती त्यांना डिस्चार्जच्या वेळी क्वचितच कुणी नीट सांगितलेली असते.

आधी एवढं लक्षात घ्या. पित्त तयार करतं यकृत, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही त्यातलं तीस-पन्नास मिलिलिटर पित्त घट्ट करून साठवणारी पिशवी. पिशवी गेली तरी यकृतापासून लहान आतड्यापर्यंत जाणारी मुख्य पित्तनलिका तिथेच असते. तिच्या टोकाशी असलेली स्नायूंची झडपही असते, आणि स्वादुपिंडाची नळीही त्याच जागी येऊन मिळते. खडा, आकुंचन, जंतुसंसर्ग हे सगळं या नळीत होऊ शकतं. म्हणून ऑपरेशननंतरची कळ "पित्ताशयाची नाही" एवढं खरं असलं, तरी ती "पित्तमार्गाची नाही" हे तपासल्याशिवाय म्हणता येत नाही.

आधी पाहायचं: आजच निघायचं आहे का?

पुढे सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या सवडीच्या आहेत. इथे मात्र सवड नाही.

पोटात वर उजवीकडे दुखणं, थंडी वाजून ताप आणि कावीळ ही तीन लक्षणं एकत्र आली, तर पित्तनलिका तुंबून तिच्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. वयस्कर माणसात याच्या जोडीला बडबड, गुंगी किंवा बीपी कमी होणं दिसलं तर एकेक तास महत्त्वाचा असतो. तीनपैकी दोनच लक्षणं असली तरी तिसऱ्याची वाट पाहू नका.

बेंबीच्या वर एकदम सुरू झालेली, पाठीत आरपार जाणारी कळ आणि थांबत नसलेल्या उलट्या हे स्वादुपिंडाला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. ऑपरेशनच्या व्रणाजवळचा फुगवटा कडक झाला, दुखू लागला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर तडक हॉस्पिटल. आणि चाळिशीपुढच्या माणसाला वरच्या पोटात दडपण, घाम, दम असं काही जाणवलं तर आधी ईसीजी काढायचा. पोटाच्या ऑपरेशनचा इतिहास सांगत बसलं की हृदयविकाराचा झटका नजरेतून निसटू शकतो.

काविळीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण आपल्याकडे या एका ठिकाणी फार वेळ वाया जातो. डोळे पिवळे दिसले की आपल्यातले बरेच जण काविळीची माळ घालायला, नाकात रस टाकून घ्यायला किंवा गावठी औषध आणायला जातात. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. नळी तुंबल्यामुळे झालेली कावीळ तशी नसते. लघवी गडद चहासारखी, शौच पांढुरकी किंवा मातकट आणि अंगाला खाज, असं असेल तर पित्त आतड्यात उतरत नाहीये. तुंबलेली वाट मोकळी करणं हाच त्यावरचा उपाय, आणि तो हॉस्पिटलातच होतो. पित्ताशय काढलेल्या माणसाला कावीळ झाली तर सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होईपर्यंत दुसरं काही करू नका.

पहिली पायरी: कागद

धोक्याचं लक्षण नसेल तर डॉक्टरकडे जाण्याआधी जुनी फाइल काढा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनआधीची सोनोग्राफी, ऑपरेशनची नोंद आणि बायोप्सीचा रिपोर्ट, हे चार कागद. ऑपरेशनची नोंद, म्हणजे सर्जनने आत काय दिसलं आणि काय केलं ते लिहिलेला कागद, बहुतेकांकडे नसतो. तो मागून घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ती जपून ठेवावी लागतात. तीन वर्षं उलटल्यावर मिळतीलच असं नाही, म्हणून ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आत्ताच प्रत काढून ठेवा आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

त्या नोंदीत काय पाहायचं? पित्ताशय पूर्ण काढलं की काही भाग ठेवला, म्हणजे "सबटोटल" असा शब्द आहे का. दुर्बिणीतून सुरू करून पोट उघडावं लागलं का. पित्त किंवा खडे पोटात सांडले का. आतला स्राव बाहेर काढायला नळी (ड्रेन) घालून ठेवली होती का. क्लिपा, म्हणजे नळी बंद करायचे धातूचे चिमटे, कुठे लावल्या. नव्या डॉक्टरला या चार-पाच गोष्टींतून अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त कळतं.

बायोप्सीच्या रिपोर्टचं महत्त्व याहून मोठं आहे. अनेक लहान हॉस्पिटलांत काढलेलं पित्ताशय बरणीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात आणि लॅबमध्ये नेऊन द्यायला सांगतात. धावपळीत बरणी पोचते, पण रिपोर्ट आणायला कुणी परत जात नाही. कधी बरणीच पोचत नाही. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयांपैकी थोड्यांत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, कर्करोग सापडतो. गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारकडे, हा आजार बराच आढळतो. आपल्याकडे तुलनेने कमी, पण नाही असं नाही. तो अगदी आतल्या अस्तरापुरता असेल तर झालेलं ऑपरेशन पुरेसं ठरतं. स्नायूच्या थरापर्यंत किंवा त्यापुढे गेला असेल तर सहसा यकृताचा थोडा भाग आणि लसिकाग्रंथी काढण्यासाठी दुसरं ऑपरेशन लागतं. हे वेळेत कळलं तर हाती काही राहतं. म्हणून काहीही त्रास नसला, वर्ष उलटलं असलं तरी रिपोर्ट शोधा. लॅबच्या नोंदवहीत नाव आणि तारीख सापडू शकते.

दुसरी पायरी: दुखण्याची वही

दोन आठवडे साध्या वहीत लिहा. कधी दुखलं, किती वेळ, कुठे, काय खाल्लं होतं, ताप होता का, शौच आणि लघवीचा रंग कसा होता. "जेवल्यावर दुखतं" एवढ्याने काही कळत नाही. "रात्री अकराला सुरू झालं, दीड तास सलग होतं, उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत गेलं, नंतर पूर्ण थांबलं" यातून बरंच कळतं.

अर्धा तास ते काही तास सलग टिकणारी, हालचालीने किंवा शौचाने कमी न होणारी आणि मधले दिवस पूर्ण मोकळी सोडणारी कळ पित्तनलिकेकडे बोट दाखवते. रोजची छातीतली जळजळ, आंबट ढेकरा आणि वाकलं की वर येणारं पाणी हे जठरातल्या आम्लाचं काम. ते पित्ताशयामुळे नव्हतंच, म्हणून ते काढून थांबतही नाही. जेवणानंतर लगेच पातळ शौच होत असेल तर पित्तामुळे होणारे जुलाब मनात येतात.

दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येत असेल आणि ती जुन्या व्रणाजवळ असेल, तर हे करून पाहा. उताणं झोपा, दुखऱ्या जागेवर बोट दाबून धरा आणि हात न टेकता डोकं-खांदे थोडे उचला. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं असतं: अडकलेली शीर, व्रणाची गाठ किंवा लहान हर्निया. डॉक्टरही हेच करून पाहतात, आणि पुष्कळदा महागड्या तपासण्या यामुळे वाचतात.

तिसरी पायरी: तपासण्यांचा क्रम

सुरुवात एलएफटी (यकृताच्या कामाची रक्ततपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लायपेज (स्वादुपिंडाची रक्ततपासणी) आणि पोटाच्या सोनोग्राफीने. कळ येऊन गेल्यावर शक्यतो चोवीस तासांच्या आत रक्त द्या, कारण आठवड्याने दिलं तर सगळं नॉर्मल यायचा संभव असतो. खडा नळीत अडकला की पहिल्या काही तासांत एलएफटीतले एसजीपीटी आणि एसजीओटी हे आकडे झपाट्याने वाढतात आणि खडा सरकला की उतरतात. नुसते हे आकडे पाहून "विषाणूची कावीळ" असा शिक्का बसू शकतो. म्हणून नळी तुंबल्यावर वाढणारे अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी हे आकडेही बघायचे आणि दोन-तीन दिवसांनी तपासणी पुन्हा करायची.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी पेशंटला चकवतात. एक म्हणजे "सीबीडी डायलेटेड", अर्थात मुख्य पित्तनलिका रुंदावलेली. पित्ताशय काढल्यावर मुख्य नळी थोडी रुंदावते. कावीळ नसेल, एलएफटी नॉर्मल असेल आणि दुखत नसेल, तर दहा मिलिमीटरपर्यंतची रुंदी एकट्याने घाबरण्यासारखी नाही. दुसरी याच्या उलट: "खडा दिसत नाही". नळीचं खालचं टोक आतड्यातल्या वायूमागे झाकलेलं असतं आणि तिथला खडा सोनोग्राफीत सहज निसटतो. कळ तशीच, एलएफटी वाढलेली आणि सोनोग्राफी नॉर्मल, असं असेल तर तपास थांबवायचा नाही. पुढची पायरी एमआरसीपी, म्हणजे एमआरआयने काढलेलं पित्तनलिकेचं चित्र. पित्ताशयाच्या नळीवर लावलेल्या क्लिपा बहुधा टायटॅनियमच्या असतात आणि एमआरआयला त्यांची अडचण येत नाही, तरी तंत्रज्ञाला त्याबद्दल आधी सांगायचं. अगदी बारीक खड्यांची शंका असेल तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी, जास्त उपयोगी.

ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करायची प्रक्रिया, नुसती तपासणी म्हणून करून घेऊ नका. ती उपचारासाठी आहे. तिच्यानंतर शंभरातल्या तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. खडा आहे हे कळलेलं असेल किंवा नळी तुंबल्याची भक्कम चिन्हं असतील तर हा धोका पत्करावाच लागतो. "बघूया काय दिसतं" एवढ्यासाठी तो पत्करायचा नाही.

नळीतला खडा, आणि विसरलेला स्टेंट

ऑपरेशननंतर दोन वर्षांच्या आत नळीत खडा सापडला तर तो बहुधा आधीच सरकून राहिलेला असतो. त्यानंतर सापडला तर नव्याने तयार झाला असं धरतात. क्वचित आत सरकलेल्या क्लिपेभोवतीही खडा जमतो. उपचार सगळ्यांत एकच, ईआरसीपी: तोंडावाटे दुर्बीण घालून नळीचं तोंड थोडं कापायचं आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून काढायचा. त्याआधी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गर्भारपण आणि औषधांची अॅलर्जी यांबद्दल सांगा. स्वादुपिंडाची सूज टाळण्यासाठी गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिन देणार का, हेही विचारा. हा साधा, स्वस्त उपाय आहे आणि उपयोगी ठरलेला आहे.

सगळे खडे निघाले नाहीत तर प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी छोटी नळी, घालतात. दुखणं थांबतं, कावीळ उतरते, माणूस कामाला लागतो आणि आत स्टेंट आहे हे विसरून जातो. हा स्टेंट कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांत तो काढावा किंवा बदलावा लागतो. तसाच राहिला तर त्यात गाळ भरतो, तो तुंबतो, त्याच्याभोवती नवे खडे धरतात आणि एक दिवस थंडी-तापाने माणूस आडवा होतो. स्टेंट घातला असेल तर तारीख कॅलेंडरवर, मोबाइलमध्ये आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही लिहून ठेवा. घरात कुणाची ईआरसीपी झाली असेल आणि स्टेंट घातला होता की नाही हे नक्की आठवत नसेल, तर आज डिस्चार्ज कार्ड उघडून पाहा.

राहिलेला तुकडा आणि आकसलेली नळी

पित्ताशय फार सुजलेलं, चिकटलेलं असेल तर अनुभवी सर्जन मुद्दाम त्याचा मानेकडचा भाग ठेवतात, कारण तो ओढून काढताना मुख्य नळी कापली जाण्याचा धोका असतो. पेशंटच्या भल्यासाठी घेतलेला तो निर्णय असतो. काही जणांत मात्र त्या राहिलेल्या तुकड्यात पुढे खडे होतात आणि जुनीच कळ परत येते. एमआरसीपीत ते दिसतं. पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलं तर अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा.

मुख्य नळीला इजा होणं विरळ आहे, हजारात तीन ते पाच. बहुतेकदा ते पहिल्या काही दिवसांतच कळतं. पण नळी हळूहळू आकसत गेली तर महिन्यांनी, वर्षांनी समजतं: खाज, वारंवार येणारा थंडी-ताप, वाढत गेलेलं अल्कलाइन फॉस्फेटेज. खाजेसाठी माणूस त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो आणि वर्ष निघून जातं. दुर्लक्ष झालं तर यकृत कायमचं खराब होऊ शकतं. नळी फुग्याने रुंद करून, स्टेंट घालून किंवा आतड्याचा भाग थेट जोडून वाट पुन्हा करून देतात. ही दुरुस्ती पहिल्याच वेळी सराव असलेल्या हाताने व्हावी, असं मी आग्रहाने सांगेन. फसलेल्या दुरुस्तीची पुन्हा दुरुस्ती फार अवघड असते. दुरुस्तीनंतरही अनेक वर्षं ठरावीक अंतराने एलएफटी करत राहावी लागते.

जुलाब

बऱ्याच लोकांना होणारा आणि फार कमी बोलला जाणारा हा त्रास. साधारण दहातल्या एकाला होतो. साठवणीची पिशवी गेल्यामुळे पित्त सतत आतड्यात झिरपतं, त्यातलं जास्तीचं पित्त मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथे पाणी सुटतं. पुष्कळांचा त्रास काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप कमी होतो. काहींचा राहतो, आणि मग बसचा प्रवास, लग्नकार्य, ऑफिसचं जेवण सगळं टाळलं जातं. माणसं लाजेने सांगत नाहीत. सांगा, कारण यावर औषध आहे.

खाण्यात पहिला बदल प्रमाणाचा. दोन भरगच्च जेवणांऐवजी चार-पाच लहान जेवणं. तूप-तेल बंद करायचं नसतं, एका वेळी कमी घ्यायचं असतं. पुरणपोळी खा, पण तिच्याबरोबर भजी आणि वर वाटीभर तूप नको. जन्मभर मऊ वरण-भातावर काढणारी माणसं मी पाहतो, त्याची काहीच गरज नसते. इसबगोल थोड्या पाण्यात, जेवणाच्या आसपास घेतला तर शौच बांधून येते. कॉफी, रिकाम्या पोटी कडक चहा आणि फार तिखट रस्सा यांनी त्रास वाढतो का, ते वहीत तपासा. दूध महिनाभर बंद करून पाहा.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर कोलेस्टिरामाइनची पूड देतात. ती आतड्यात पित्ताला बांधून ठेवते. ती इतर औषधांनाही बांधते, म्हणून थायरॉइडची गोळी, वॉरफरिन, गर्भनिरोधक गोळी असली औषधं हिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावीत. दीर्घकाळ घ्यायची असेल तर ड जीवनसत्त्वासारख्या चरबीत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांकडे लक्ष ठेवावं लागतं. मधुमेह असेल तर मेटफॉर्मिननेही जुलाब होतात, ते आधी तपासा. झोपेतून उठवणारे जुलाब, शौचातून रक्त, वजन उतरणं, रक्ताची कमतरता (अॅनिमिया) किंवा पन्नाशीनंतर नव्याने बदललेली सवय यांतलं काही असेल तर पित्तावर ढकलू नका, कोलोनोस्कोपीबद्दल विचारा.

व्रणाचे त्रास

जखम छान भरली, टाके निघाले, आणि तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा बेंबीपाशी काळसर, कडक गाठ येऊन पाणी झिरपू लागलं. ताप नाही, दुखणंही फार नाही. अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स झाले तरी भरत नाही. असं असेल तर क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातल्या पण क्षय न करणाऱ्या जंतूंचा संसर्ग मनात आणायला हवा. दुर्बिणीच्या अवजारांचे सांधे नीट निर्जंतुक झाले नाहीत किंवा ती साध्या पाण्याने धुतली गेली तर हे जंतू शिरतात. स्रावाची किंवा तुकड्याची मायकोबॅक्टेरियासाठी कल्चर तपासणी मागा. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या अंदाजाने सुरू करणं इथे बरोबर नाही, कारण त्या या जंतूंवर बहुधा चालत नाहीत. कल्चरप्रमाणे क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधं काही महिने घ्यावी लागतात, कधी तो भाग कापून काढावा लागतो.

खोकताना बेंबीजवळ फुगवटा येत असेल तर तो हर्निया. पट्टा बांधून जात नाही, सर्जनला दाखवून वेळ ठरवा. आणि ऑपरेशनमध्ये खडे सांडल्याची नोंद असेल, तर महिन्यांनी-वर्षांनी पोटात, कुशीत किंवा पाठीच्या उजव्या बाजूला पू होऊ शकतो. कारण न सापडणारा ताप आला तर ही नोंद डॉक्टरांना आवर्जून दाखवा, सीटी स्कॅनमध्ये शोध सोपा होतो.

सगळं नॉर्मल आलं, तरी दुखतंय

आधी पित्ताशयाशी संबंध नसलेली कारणं एकेक करून वगळायची: अल्सर, जठरातल्या एच. पायलोरी जंतूंचा संसर्ग, चिडखोर आतडं (आयबीएस), मूतखडा, पाठीचा मणका, जुन्या मधुमेहात मंदावलेलं जठर. साठीपुढच्या माणसाला न दुखता कावीळ होत गेली आणि वजन उतरलं, तर स्वादुपिंडाच्या डोक्याची किंवा नळीच्या तोंडाची गाठ शोधावी लागते. तिथे "जुन्या ऑपरेशनचं असेल" म्हणून थांबणं फार महाग पडतं.

सगळं वगळून झालं की नळीच्या टोकाच्या झडपेच्या आकडीचा विचार होतो. ज्यांची एलएफटी आणि नळीची रुंदी दोन्ही नॉर्मल आहेत, त्यांची झडप ईआरसीपीने कापून उपयोग होत नाही, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं: झडप न कापता नुसती खोटी प्रक्रिया केलेल्यांनाही तेवढाच फरक पडला होता. म्हणून अशा वेळी कुणी झडप कापायचा सल्ला दिला तर दुसरं मत घ्या. कोडीनसारख्या वेदनाशामकांनी ही झडप आवळते, म्हणून कळ त्यांच्यानंतर वाढते का ते पाहा.

कुणाकडे जायचं

ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे आधी जा, त्यांनी आत पाहिलेलं असतं. नळीत खडा असेल तर ईआरसीपी नियमित करणारा गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट हवा. नळी आकसली असेल किंवा तुकडा राहिला असेल तर यकृत-पित्तमार्गाचा सर्जन. तो मोठ्या शहरातच मिळेल, जावं. शासकीय योजनेत उपचार घ्यायचे असतील तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, एकट्या ईआरसीपीबद्दल विचारून थांबू नका. स्टेंट काढण्याची दुसरी फेरी त्यात धरली आहे का, हेही आधीच विचारा. पैशांपायी चुकते ती बहुधा तीच फेरी.